सेल दमवणारं यंत्र

मित्रांनो, मी सेल दमवणारं एक जुनं यंत्र आहे. माझं अंग लोखंडी, पाठीला दोन पंखे आणि पुढे एक लाल बटण. विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्च्यांत बसवायचे लिथियमचे सेल आधी माझ्याकडे येतात. सपाट जमिनीवर खुर्ची कशीही चालते. सेलचा कस लागतो तो चढावर. तो चढ मी इथे टेबलावरच देतो. एका दमात भरपूर वीज ओढून घेतो. चांगला सेल कोमट होतो आणि टिकतो. कच्चा सेल तापतो, फुगतो. मला काही वाटत नाही. ओढणं एवढंच माझं काम.

मी नवा होतो तेव्हा साहेब पाहुण्यांना आधी माझ्याकडे आणत. पुढे मोठ्या पडद्याचं यंत्र आलं आणि मला खिडकीजवळच्या कोपऱ्यात सरकवलं. पंख्यांत धूळ साचली. सेलची उष्णता मोजणारी माझी तार सैल झाली. ती चिकटपट्टीने सेलवर दाबून बसवावी लागे. ते काम ताई न चुकता करायची.

ताई म्हणजे आमची तपासनीस. कामाला वाघ आणि बोलायला खट्याळ. सेल टिकला की म्हणायची, "शाब्बास रे पठ्ठ्या!" फुगला की, "गेला बाबा कामातून!"

मग तिचा धाकटा भाऊ वारला. थोड्या दिवसांनी ती कामावर आली, पण बोलेनाशी झाली. डबा उघडायची, तसाच बंद करायची. सेल लावायची, काढायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "ठीक आहे." सगळ्यांना वाटलं, सावरली.

एका दुपारी तिने नव्या खोक्यातला सेल लावला आणि तार चिकटवायची राहिली. तार टेबलावर पडून खोलीचंच तापमान मोजत राहिली. आकडा चढला की मी आपोआप थांबतो; तो हलेना, म्हणून मीही थांबलो नाही. सेल फुगू लागला. उग्र, गोडसर वास सुटला. ताई बघत होती. मग तिने हात पुढे केला आणि सेल सरळ बोटांत धरला.

"अगं, सोड तो!" शेजारच्या टेबलावर सेल जोडणारे काका ओरडत धावले. त्यांनी माझं लाल बटण दाबलं आणि सेल चिमट्याने ओढून वाळूच्या बादलीत टाकला. तिथे तो फुसफुसत काळा पडला.

"भाजलं ना?"

"नाही."

"नाही काय? कातडी सोलवटलीय!"

"काही कळत नाहीये, काका."

काकांनी तिला नळापाशी नेलं. तिचा हात पाण्याखाली धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"झोंबतंय," शेवटी ताई म्हणाली. "काका, खूप दुखतंय." आणि तिथेच खाली बसून ती रडली.

दुसऱ्या दिवशी काकांनी तार नीट बसवून त्या खोक्यातले आणखी सेल तपासले. सगळे तापले. खोकं परत गेलं. काकांनी माझे पंखेही पुसले. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राच्या तारा वेळच्या वेळी बघत जा. आणि त्या जोडणारं माणूस "ठीक आहे" म्हणालं, तरी लगेच पाठ फिरवू नका. थोडा वेळ त्याच्यापाशी थांबा.