गाल फुगलेली कोलंबी

मित्रांनो, माझ्याजवळ बसा, पण माझे कौतुक करू नका. मी सिल्वासाच्या शाळेतला एक जुना पत्र्याचा डबा आहे. दूधभुकटी घेऊन इथे आलो, तेव्हा पोरे मला बोटांनी चाटूनपुसून लख्ख करीत. भुकटी संपली आणि रमाकांत गुरुजींनी मला कडी लावून घेतली. तिथून माझे ग्रह फिरले.

गुरुजी गुहागरचे. मनाने फार चांगले, पण मासळीचा विषय निघाला की त्यांना आकाश ठेंगणे होई. जवळच्या रांधा गावच्या सोमीबाईच्या तळ्यात बारीक कोलंबी होती, तिच्यावर तिचे घर चाले. ती कोलंबी अंगाने भरावी म्हणून गुरुजी १९६६ साली समुद्रकाठच्या तळ्यांतली पाळीव कोलंबी आणायला गेले. जिचा एक गाल, म्हणजे डोक्याच्या बाजूचा कल्ला, टपोरा, तीच निवडून त्यांनी माझ्यात भरली. परतताना मोटारीत मी त्यांच्या मांडीवर होतो, लाडक्या नातवासारखा. केवढा मिजाशीत होतो मी!

तळ्याच्या काठी सोमीबाईने वाकून माझ्यात पाहिले.

"मास्तर, हिचा गाल सुजलाय. आन बिजं, परकं पानी माझ्या तळ्यात नको ओतू."

"अगं, मी कोकणातला! कोलंबी तू मला शिकवणार? गाभोळी आहे ती, अंडी आहेत अंडी!" असे म्हणत गुरुजींनी मला पाण्यासकट उपडे केले.

ती गाभोळी नव्हती. पुढच्या वर्षी तळ्यातल्या जुन्या कोलंबीचेही गाल फुगले आणि एकीच्याही पोटाखाली अंडी दिसेनात. सोमीबाईने एक गाल नखाने उकलला. आत उवेसारखी चपटी कीड रक्त पीत बसली होती.

"ही तू आणलीस," एवढेच ती म्हणाली.

तोवर तिच्याच तळ्यातली कोलंबी गुरुजींनी मोठ्या ऐटीत खेरडी आणि किलवणी या गावांच्या तळ्यांत पोचवली होती, तीही माझ्यातूनच.

दोन्ही गावांत ते पायी गेले, मला हातात घेऊन, आणि सगळ्यांदेखत त्यांनी आपली चूक सांगितली. लोक त्यांच्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहत होते. पत्र्यालाही लाज वाटते, मित्रांनो. सोमीबाईने तळे उपसून वाळवले आणि ती दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाऊ लागली.

शाळेत परतल्यावर गुरुजींनी खिळा-हातोडी घेऊन माझ्या बुडाला सात भोके पाडली. आता माझ्यात पाणी ठरत नाही.

मित्रांनो, परक्या पाण्यातले जीव कोणी न तपासता तुमच्या पाण्यात ओतू लागला, तर तो तुमचा गुरुजी असला तरी त्याचा हात धरा. मला हात नव्हते. तुम्हाला आहेत.