एक आजी, अकरा तास

विल्फ ऑर्मरॉडच्या दारात ते पत्रक मीच टाकलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं बोलता बोलता मी दुसऱ्या कुणाला नावं ठेवायला लागले तर तुम्ही मला अडवाल.

मी ग्लेनिस. हॅझलडीनच्या चढावर एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांची रांग आहे, त्यातलं एकोणतीस नंबरचं घर माझं आणि सत्तावीस नंबरचं विल्फचं. मधली भिंत एकच. तो खोकला की मला कळतं, माझी किटली शिटी मारायला लागली की त्याला. त्यानं तेहतीस वर्षं बस चालवली, मी शाळेच्या स्वयंपाकघरात तेवढीच वर्षं बटाटे कुस्करले. त्याची बायको डॉरीन माझी मैत्रीण. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ती गेली.

निवडणूक आली की डॉरीन सगळ्या पक्षांची पत्रकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसायची. कोण काय देतो म्हणतोय, मागच्या खेपेला काय म्हणाला होता, सगळं ताडून बघायची. विल्फ मात्र त्याचा बाप ज्याला मत द्यायचा त्यालाच द्यायचा. वर तिची टर उडवायचा.

"लग्नाआधी मला इतकं तपासलं नव्हतंस गं."

"तेव्हा चुकलं, म्हणून तर आता तपासते," ती म्हणायची.

या जूनमध्ये निवडणूक लागली आणि विल्फ स्वतः टेबलाशी बसला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं तीन रकाने आखले. एक कीटिंगचा. हा चौदा वर्षं आमचा खासदार, विल्फच्या बापाच्या पक्षाचा. दुसरा हॉलमबाईंचा, म्हणजे माझ्या पक्षाचा. तिसरा भूगोल शिकवणाऱ्या एका मास्तरचा, ज्याला सगळे भला माणूस म्हणायचे आणि मत कुणी देणार नव्हतं. डाव्या बाजूला विल्फनं विषय लिहिले होते. बस. दाताचा डॉक्टर. रस्ते. हॉस्पिटल.

रोज अकराला तो मला चहाला बोलवायचा. "तू पक्षाची माणूस, तुझं मत मी धरणार नाही. तू फक्त चहा कर आणि मी चुकलो तर सांग."

मी आपली हळूहळू त्याला आमच्या बाजूला ओढत होते. कीटिंगच्या रकान्यात प्रश्नचिन्हं वाढायला लागली होती आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. पन्नास वर्षं एकाच खुंटीला टोपी अडकवलेला माणूस माझ्यामुळे खुंटी बदलणार, असं मला वाटत होतं.

सोमवारी सकाळी पक्षाच्या कार्यालयातून आमच्या गल्लीसाठी पत्रकांचा नवा गठ्ठा आला. रबरबँडखाली एक चिठ्ठी होती. पेनानं लिहिलेलं : '२७ वगळा.'

मला हसू आलं. यांना वाटतंय विल्फ अजून कीटिंगचाच, उगाच कागद वाया कशाला घालवा. यांना काय माहीत मी काय काम करून ठेवलंय. चिठ्ठी मी खिशात कोंबली आणि पहिलं पत्रक सत्तावीसमध्येच टाकलं. उघडून पाहिलंही नाही. घडीच्या वर हॉलमबाईंचा चेहरा होता आणि खाली 'आमचं वचन'. तसली वचनं मी दोन आठवडे वाटत होते, आत काय असणार ते मला पाठ होतं.

अकरा वाजता मी त्याच्याकडे गेले. चहा ओतला. त्यानं बिस्किटाचा डबा पुढं सरकवला, चष्मा चढवला आणि पत्रक उघडलं.

"हॉस्पिटलवर आहे हे," तो म्हणाला आणि मोठ्यानं वाचायला लागला. "एक आजी, अकरा तास. आपल्या गावच्या या आजी हॉस्पिटलच्या बोळात अकरा तास स्ट्रेचरवर..."

तो थांबला. मला वाटलं चष्मा धुरकटला असेल. त्यानं पत्रक डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. मग टेबलावर ठेवून त्यावर बोट ठेवलं. 

"ग्लेनिस," तो म्हणाला, "हे बघ गं जरा."

फोटो पानभर होता. हॉस्पिटलचा बोळ, भिंतीला लावलेलं स्ट्रेचर, त्यावर एक बाई. चेहरा पुसट केलेला, नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क. अंगावरच्या चादरीखालून मोहरीच्या फुलासारखं पिवळं, लोकरीचं कार्डिगन दिसत होतं. चार बटणं तपकिरी आणि सर्वांत खालचं निळं. ते निळं बटण मीच दिलं होतं, माझ्या जुन्या कोटाचं.

मी कप खाली ठेवला.

इथं एक सांगायला हवं. डॉरीन गेली त्या दिवशी सकाळी नऊला रुग्णवाहिका आली, विल्फ तिच्याबरोबर गेला. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झालेला, आणि तिथं बसायला खुर्ची नव्हती. दुपारी मुलगी बेव्हर्ली पोचली आणि डॉरीननंच त्याला घरी पाठवलं. चारला बेव्हर्लीचा फोन आला : आईला वरच्या मजल्यावर खाट मिळाली, खिडकीजवळची, झोपली आहे, तू आराम कर. रात्री आठच्या सुमाराला पुन्हा फोन आला. तो पोचला तेव्हा डॉरीन एका छोट्या खोलीत होती, चादर नीट केलेली, सगळं संपलेलं.

त्यानंतर विल्फ भेटेल त्याला सांगायचा. चर्चमध्ये, बसथांब्यावर, न्हाव्याकडे. "निदान खिडकी होती तिला. टेकडी दिसत असणार." तेवढ्यावर तो जगत होता. मी ते वीस वेळा तरी ऐकलं असेल.

"हे सकाळचं असेल," मी म्हणाले. "खाट मिळायच्या आधीचं."

"भिंतीवर घड्याळ आहे," विल्फ म्हणाला.

होतं. सात वाजून पाच मिनिटं. आणि सकाळी सातला डॉरीन याच टेबलाशी पाव भाजत होती.

त्यानं बेव्हर्लीला फोन केला. एवढंच म्हणाला, "ये." ती चढाच्या पायथ्याशी औषधांच्या दुकानात काम करते. दहा मिनिटांत दुकानाचा पांढरा कोट तसाच अंगात ठेवून धापा टाकत आली. टेबलावरचं पत्रक दिसलं आणि ती दारातच थिजली.

"तुझ्याकडे यायला नको होतं ते," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलं होतं, ही गल्ली नाही तर निदान हे घर तरी वगळा. त्यांनी शब्द दिला होता मला."

माझ्या खिशात ती चिठ्ठी होती. मी खिशावर हात दाबून धरला.

"खिडकी होती का?" विल्फनं विचारलं.

"डॅड..."

"होती का नव्हती?"

"नव्हती."

"खाट?"

"नव्हती. मी दर अर्ध्या तासानं विचारत होते. तुला काय सांगणार होते मी? तू कुबड्या घेऊन धावत आला असतास. आणि उभा कुठं राहिला असतास?"

"तिच्यापाशी," विल्फ म्हणाला.

बेव्हर्ली रडायला लागली. तिनं सांगितलं ते असं : फोटो तक्रारीसाठी काढला होता. तक्रारीला दोन ओळींचं उत्तर आलं. मग हॉलमबाई दुकानात आल्या, त्यांनी तासभर ऐकून घेतलं. वर्षभरात तेवढं ऐकून घेणारं कुणी भेटलंच नव्हतं. नाव देणार नाही, चेहरा दाखवणार नाही म्हणाल्या. बेव्हर्लीनं सही केली.

"आईचं काहीतरी व्हावं म्हणून," ती म्हणाली. "असंच विसरून जाऊ नये कुणी म्हणून."

विल्फ उठला, काठी घेतली आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. बेव्हर्ली थोडा वेळ थांबून गेली. मी त्याच्या पाठीकडे बघत बसले. चहावर साय धरली. घरी गेल्यावर मी ती चिठ्ठी काढली, पाहिली आणि परत खिशात ठेवली. फेकायचं धाडस झालं नाही आणि दाखवायचंही.

गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात तिन्ही उमेदवारांची सभा होती. विल्फ जाणार नाही असं मला वाटलं होतं, पण सहाला त्यानं भिंत ठोकली. आम्ही मागच्या रांगेत बसलो. बस आणि रस्ते झाले, मग हॉस्पिटलचा विषय निघाला. हॉलमबाईंनी ते पत्रक उंच धरलं.

कीटिंग जरासा हसला. आवाज अगदी घरगुती. "मित्रांनो, हल्ली असले फोटो यंत्र बनवून देतं. चेहरा पुसट, नाव नाही. कुठली आजी, कुठलं हॉस्पिटल, काही पत्ता आहे का? बहुधा ही बाई जन्मालाच आलेली नाही."

काही लोक हसले. मी विल्फचा दंड धरायला हात पुढं केला, पण तो उभा राहिला होता.

"माझी बायको आहे ती," तो म्हणाला.

त्यानं आवाज चढवला नव्हता. तरी पुढच्या रांगेतली डोकी वळली. तिथं बसलेल्या निम्म्या लोकांना त्यानं कधी ना कधी बसमधून शाळेत सोडलेलं होतं.

"डॉरीन ऑर्मरॉड. कार्डिगन तिनं विणलंय. ती खिडकीजवळ मेली असं मी सव्वा वर्ष सगळ्यांना सांगत आलो. तुम्हालाही सांगितलं होतं, मिस्टर कीटिंग, सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात. तुम्ही माझा हात हातात घेऊन 'हेच महत्त्वाचं असतं' म्हणाला होतात."

 कीटिंग काहीतरी पुटपुटला, माफीसारखं. विल्फ हॉलमबाईंकडे वळला होता.

"आणि तुम्ही. बोळात कुणी पडून राहणार नाही, असं वचन आहे. कधीपर्यंत?"

"पाच वर्षांत," त्या म्हणाल्या.  "टप्प्याटप्प्यानं."

"परिचारिका कुठून आणणार?"

त्या बोलायला लागल्या. भरती, प्रशिक्षण, पंचवीस कलमी कार्यक्रम. मी ते शंभर दारांवर म्हटलेलं होतं, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ऐकलं. मध्येच त्या थांबल्या. "खरं सांगायचं तर मला सगळं माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"बरं," विल्फ म्हणाला आणि खाली बसला. 

शनिवारी हॉलमबाई एकट्याच त्याच्याकडे आल्या. मी तिथंच होते. त्यांनी दारातच माफी मागितली, मग आत येऊन परत मागितली. उरलेली पत्रकं वाटायची थांबवते, म्हणाल्या. गाडीत खोकं होतं.

"थांबवू नका," विल्फ म्हणाला. "पण 'एक आजी' नाही चालणार. नाव घाला."

"छापायला वेळ नाही उरला, मिस्टर ऑर्मरॉड. आणि वरून परवानगी..."

"खोकं आत आणा. पेन आहे माझ्याकडे."

त्या गाडीकडे गेल्या. मग खोकं आणून ठेवून गेल्या. वरची परवानगी त्यांनी कधी विचारली की नाही, मला माहीत नाही.

दोन दिवस विल्फ नाव लिहीत होता. 'एक आजी' खोडायचं, वर लिहायचं : डॉरीन ऑर्मरॉड, वय एकाहत्तर. सुरुवातीला अक्षर बारीक, नीट होतं, पुढं पुढं थकलेलं. मी घड्या घालत होते. रविवारी दुपारी माझ्यानं राहवेना. मी खिशातली चिठ्ठी काढून त्याच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. वगळायला सांगितलं होतं, मी मुद्दाम टाकलं, माझी शेखी मिरवायला.

त्यानं चिठ्ठी वाचली. 

"म्हणजे बेव्हनं खरंच सांगितलं होतं त्यांना," तो म्हणाला.

"सांगितलं होतं."

"मला वाटलं, तेही खोटंच." तो पुन्हा लिहायला लागला. "तू मूर्ख आहेस, ग्लेनिस."

"आहे."

"घड्या वाकड्या घालतेयस."

मतदानाच्या दिवशी सकाळी बेव्हर्ली फाटकाशी येऊन उभी राहिली. पत्रकाच्या त्या सोमवारपासून दोघांत एक शब्द झालेला नव्हता. विल्फ बाहेर आला, तिला पाहिलं आणि काठी दुसऱ्या हातात घेऊन तिच्या बाजूचा हात मोकळा केला. तिनं तो धरला. आम्ही तिघं शाळेपर्यंत चालत गेलो. विल्फ आत बराच वेळ होता. मतपेटीजवळचा माणूस एकदा मान उंचावून बघायला लागला. बाहेर आल्यावर त्यानं कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही, आजतागायत नाही. मी स्वतः हॉलमबाईंना दिलं, पण हात पूर्वीसारखा हलका नव्हता. त्या साडेतीनशे मतांनी निवडून आल्या.

शाळेच्या बाहेर बुटकी भिंत आहे. विल्फ तिच्यावर टेकला.

"आता सांग," तो बेव्हर्लीला म्हणाला. "मी दुपारी निघालो तिथपासून. काही गाळू नकोस."

"सगळं?"

"सगळं. तुझ्या एकटीजवळ कशाला ठेवतेस?"

ती त्याच्या शेजारी बसली. हात मांडीवर घट्ट धरले होते. "तू गेल्यावर तिनं पहिलं काय विचारलं सांगू," ती म्हणाली, "डॅडला जिना चढताना कठडा धरायला सांगितलंस का."

मी तिथून निघाले. पुढचं माझ्या ऐकण्याचं नव्हतं. चढावर अर्ध्यात पोचून मागं पाहिलं तर ती अजून बोलत होती, आणि तो तिच्याकडे वळून एक एक शब्द ऐकत होता.