मंगळवारची भजी

वंदनाला स्वयंपाकाचा नाद होता, आणि नाद म्हणजे नादच. घरोघरच्या बाया रांधतात ते पोटासाठी, ही रांधायची हौसेसाठी. संग्रामपूरच्या त्या घरात सकाळचं जेवण उरकलं, नवरा गजेंद्र भाजीच्या दुकानावर गेला, की बाई पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून उभा करायची आणि दुसऱ्यांदा पदर खोचायची. चॅनेलचं नाव 'वंदनाची चूल'. चूल कसली, दोन शेगड्यांचा गॅस होता. पण 'वंदनाचा गॅस' म्हटल्यावर कोण बघणार? हजारभर माणसं बघायची, कुणी 'ताई, मस्त' लिहायचं, आणि तेवढ्यावर तिचा अख्खा दिवस जायचा.

चाखायला सासरे असायचे, रामराव. साखरखेर्ड्याहून ही सून आली तेव्हा तिच्या बोलण्याला सगळे हसले होते, तिच्या पाटोडीच्या रश्श्याला मात्र कुणी हसलं नाही. सुनेच्या हाताला चव आहे, हे पहिल्यांदा रामरावांनीच म्हटलं. व्हिडिओच्या शेवटी ते खुर्ची ओढून बसत, घास घेत आणि डोळे मिटत. लोक म्हाताऱ्यासाठीच व्हिडिओ शेवटपर्यंत बघतात, असं गजेंद्र चिडवायचा, आणि ते खोटं नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी रामरावांना हार्ट अटॅक आला. तेल बंद, तळण तर विषच समजा, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून सासूबाईंनी, शालूबाईंनी, नवऱ्याचं ताट स्वतःच्या हाती घेतलं. उकडलेली भाजी, कोरडी भाकर, मीठ चिमूटभर. रामराव ताट सरकवायचे, वाट्टेल ते बोलायचे, एकदा तर त्यांनी वाटी अंगणात भिरकावली. शालूबाई वाटी उचलून आणायच्या आणि पुन्हा वाढायच्या. नवराबायकोत बोलणं म्हणून एवढंच उरलं होतं.

मंगळवारी दुपारी शालूबाई देवीच्या देवळात भजनाला जायच्या. त्या दोन तासांत घरात कढई चढायची. रामरावांनी पहिल्यांदा मागितलं तेव्हा वंदना नाही म्हणाली. दुसऱ्यांदा एकच भजं दिलं. पुढे त्यांना मागावंच लागेना. खरं सांगायचं तर त्यांच्याइतकीच तीही मंगळवारची वाट बघायची. आपल्या हातचं कुणी डोळे मिटून खातंय, याची तिला चटक लागली होती, आणि असली चटक तेलापेक्षा वाईट.

त्या मंगळवारी परसातल्या वेलाची कोवळी गिलकी, म्हणजे घोसाळी, निघाली होती. तिने भजी केली, रामरावांनी पाच खाल्ली. रविवारी लोक घरी असतात म्हणून तिने त्याच्या व्हिडिओला रविवारी सकाळी अकराची वेळ लावून ठेवली. त्या वेळी व्हिडिओ आपोआप लोकांना दिसणार होता. शेवटचं सासऱ्यांचं बोलणं तिने कापलं नाही. लोकांना असलंच आवडतं. शालूबाईंकडे मोबाइल नव्हता आणि सुनेचा एकही व्हिडिओ त्यांनी कधी बघितला नव्हता.

शुक्रवारी सकाळी दात घासता घासता रामराव ओट्यावर कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. वंदना सख्ख्या बापासाठी रडावं तशी रडली, आणि त्या रडण्यात अर्धी भीती होती. ती भीती कुणाला सांगायची सोय नव्हती. लावून ठेवलेला व्हिडिओ तर तिच्या ध्यानीमनीही राहिला नाही.

सुतकाच्या घरात कढई चढत नाही. तळण नाही, फोडणी नाही. भावकीतून पिठलं-भाकर येते आणि घरचे तेच खातात. रविवारी गजेंद्र भावकीतल्या माणसांबरोबर राख सावडायला गेला होता आणि अंगणात बाया बसल्या होत्या. तेवढ्यात भावकीतल्या रुक्मिणीबाईंच्या हातातला मोबाइल वाजला. त्यांनी मोबाइलकडे बघितलं, वंदनाकडे बघितलं, आणि मोबाइल शेजारणीपुढे धरला. कढईत उकळतं तेल, त्यावर वंदनाचा बांगड्यांचा हात, आणि खाली लिहिलेलं, 'गरमागरम गिलक्याची भजी'. दोन मिनिटांपूर्वीचं.

"काऊन वं वंदना," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "घरात सुतक हाय अन् तू कढई चढवून राह्यली?"

बायांत कुजबुज सुरू झाली. गावात असला बट्टा लागला की सात जन्म धुतला जात नाही. तीन दिवस भिंतीला टेकून बसलेल्या शालूबाईंनीही मान वर केली, आणि त्या नजरेने वंदनाचा धीर सुटला. घाबरलेलं माणूस खरं बोलून टाकतं, आणि आपण कोणतं खरं बोलतोय याचा विचार करत नाही.

"आजचा नाही, आत्याबाई," ती सासूला म्हणाली. "मंगळवारचा आहे. देवाशपथ. बघा ना, यात मामाजी आहेत."

आणि तिने स्वतःच रुक्मिणीबाईंच्या हातून मोबाइल घेतला, व्हिडिओ शेवटाकडे सरकवला आणि सासूच्या डोळ्यांसमोर धरला.

रामराव खुर्चीत बसले होते. अंगात बंडी, हातात भजं. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले, मग पोट हलेपर्यंत हसले. "बुढीले सांगू नको बरं," ते म्हणाले. "ते मले निरा उकडलेलं चारते." त्यावर मोबाइलच्या मागून वंदनाचा खिदळता आवाज आला, "नाही सांगत, मामाजी. मंगळवार आपलाच आहे."

सुतक मोडल्याचा आळ पुसला गेला. रुक्मिणीबाई मात्र बोटांवर मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत मोजत होत्या, मध्येच त्यांनी मूठ मिटली. थोड्या वेळाने बाया एकेक करून उठल्या. जाताना कुणी वंदनाशी बोललं नाही.

गजेंद्रला वाटेतच सगळं कळलं होतं. तो आला तो ओरडला नाही. बायकोकडे न बघता एवढंच म्हणाला की भज्यांनी गेले का कशाने, ते डॉक्टरलाही सांगता यायचं नाही, पण आधी तो व्हिडिओ काढून टाक. वंदनाने कपाटातून आपला मोबाइल आणला. खाली लोकांचं लिहिणं चालूच होतं. 'आजोबा लय भारी.' 'आजोबांना आमचा नमस्कार सांगा.' तिने व्हिडिओ काढायला बोट पुढे केलं.

"राहू दे," शालूबाई म्हणाल्या.

"आई, लोकं पाहून राह्यले," गजेंद्र म्हणाला.

"पाहू दे." शालूबाई सुनेकडे बघत होत्या. "आठ महिने म्या त्याईले जपलं. त्याईच्या शिव्या खाल्ल्या. माह्याकडं पाहून ते एकदाही हासले नाहीत. मले वाटे, बिमारीनं हासनंच इसरले असतीन. अन् ते तर दर मंगळवारी हासत व्हते."

वंदना पाय धरायला वाकली. शालूबाईंनी पाय आखडून घेतले आणि मोबाइलसाठी हात पुढे केला.

"कुठी दाबाचं, ते सांग," त्या म्हणाल्या.

वंदनाने दाखवलं. व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला. शालूबाईंनी तो संपेपर्यंत बघितला, मग पुन्हा लावायला सांगितला, आणि त्यांनी जा म्हणेपर्यंत वंदना तिथेच बसून स्वतःचं खिदळणं ऐकत राहिली.