डबी पडते म्हणून

"हात सोड जागृती, नहीं त तुलेबी एक ठी दिसू!"

भाग्येशच्या उजव्या हातात पक्कड होती अन् डाव्या हाताला बायको लोंबकळत होती. भिंतीवरच्या बोर्डातली पांढरी डबी सकाळपासून तिसऱ्यांदा पडली होती. विहिरीची मोटर चालू केली की डबीचा खटका खट् करून खाली, आणि सगळं घर बंद. हंडे कोरडे पडलेले, वैशाखाचं ऊन नऊलाच अंगणात येऊन बसलेलं.

"आहो, डबी खराब नहीं. कोठेतरी करंट उतरी ऱ्हायना, म्हनीसन ती पडस. पहिले वायर दखा."

"ईश्वरशेठ तीस वरीसपाईन हेच सामान इकी ऱ्हायना. तो म्हने, डबी काढ, डायरेक्ट जोड. अन् तू? बीएस्सी करं म्हनीसन वायरमन व्हई गई का?"

चुलीपासून सासू कौसाबाई ओरडली, "नवराना हात धरस का वं? पानी काय तुन्हं पुस्तक आनी दी?"

भाग्येशने तिला झटकलं. जागृतीचं डोकं चौकटीवर आपटलं, डोळ्यांपुढे काजवे नाचले. तोवर त्याने डबी मोडून उपटली, येणाऱ्या-जाणाऱ्या वायरी थेट एकमेकींत पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. मोटर घरघरली आणि नळीतून पाणी आलं.

"दखं?" तो म्हणाला.

त्यांची दोन वर्षांची काजल अंगणात उघड्या पायांनी हिंडत होती आणि पाणी वाहत वाहत गोठ्याकडे निघालं होतं. एक डोळा पोरीवर ठेवून जागृती बोर्डापासून वायर बघत निघाली. पत्र्याखालून, कुडावरून, गोठ्याच्या लोखंडी खांबापर्यंत. तिथे कुणीतरी ती वायर तारेने इतकी करकचून आवळली होती की वरचं प्लास्टिक कापलं गेलं होतं. त्याच खांबाला म्हशीची साखळी होती.

तिने हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ओल्या जमिनीवर म्हशीचे चारी पाय ताठ झाले. नीट हंबरताही आलं नाही बिचारीला. घशातून खरवडल्यासारखा आवाज निघाला आणि ती आडवी झाली, खूर माती उकरत राहिले.

"म्हशी! म्हशी!" काजल धावली.

जागृतीने तिला झग्याला धरून मागे भिरकावलं. पोर तोंडावर पडली, ओठ फुटला, भोकाड पसरलं. जागृतीला त्या रडण्याने धीर आला. रडते म्हणजे आहे. पण तोवर भाग्येश म्हैस सोडवायला धावला आणि त्याने साखळी धरली.

धरली ती सुटेना. दात आवळले गेले, मान मागे गेली. बोर्ड पार आतल्या खोलीत. कुडाला टिकावाचा नवा दांडा टेकवलेला होता, अजून लोखंड न घातलेला, खणखणीत वाळलेला. तो उचलून तिने नवऱ्याच्या हातावर घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हाड मोडल्याचं तिला दांड्यातून कळलं. भाग्येश चिखलात कोसळला.

"मारी टाकं वं! मन्हा पोऱ्याले मारी टाकं!" कौसाबाईने मागून येऊन सुनेचे केस धरले, पाठीत गुद्दे घातले.

"मारा, पन पहिले मेन बंद करा!" जागृती किंचाळली. शेजारच्या वावरातून पळत आलेला तिचा दीर भिला आत घुसला आणि त्याने खटका पाडला.

चौथ्या दिवशी, भाग्येशच्या हाताला प्लास्टर घालून झाल्यावर, भिला आणि जागृती खांडबाऱ्याला ईश्वरशेठच्या दुकानी गेले. भिलाने पहार आणली होती. दुकानाची पायरी चढतानाच त्याने काचेचा काउंटर फोडला. बटणं, होल्डर, वायरीची वेटोळी भुईवर पसरली. काच उडून ईश्वरशेठच्या भुवईला लागली, रक्त मिशीत उतरलं.

"डायरेक्ट जोड म्हने का? मन्ही म्हैस मरी! मन्हा भाऊ मरता मरता वाचना!"

"भिलाभाऊ, थांबा," जागृती म्हणाली. "शेठ, माले नवी डबी दखाडा. तीन दखाडा."

रक्त पुसत शेठने तीन खोकी काढली. बल्ब तपासायची वायर काउंटरवर होतीच. तिने ती पहिल्या डबीला जोडली आणि टी लिहिलेलं तपासणीचं बटण दाबलं. डबी हलली नाही. दुसरीही तशीच. तिसरी खट् करून पडली.

"दखा. करंट उतरना की डबीले अशीच पडनं पडस. ह्या दोन नुसत्या दखाडाना शेत."

गिऱ्हाइकांत उभा असलेला वाहरू पुढे सरकला. "मी तीच ली गयथू ना रे शेठ, मांगला महिनामा?"

"नकली माल इकस!" भिलाने पहार उचलली.

शेठ कपाटाला चिकटला. "माले काय माहीत? खोकं जसं येस तसं मी इकस! अन् मन्हा घरमा डबीच नहीं. दुकान अन् वरलं घर, सम्दं डायरेक्ट जोडेल शे. वीस वरीस व्हयनात. काय व्हयनं?"

माडीवर धुण्याचं मशीन गडगडत होतं.

"वर कोन शे?" जागृतीने विचारलं.

"नात. रिना. कपडा धोई ऱ्हायनी."

भिला हसला. "ऱ्हाऊ द्या वहिनी. त्यालेबी कळू द्या."

जागृतीला चिखलात आडवा पडलेला नवरा दिसला, काजलचा फुटलेला ओठ दिसला. ऱ्हाऊ द्यावं असं तिला वाटलं. चांगले दोन श्वास वाटलं. मग ती फुटक्या काचांवरून चालत आत गेली आणि मेनचा खटका तिने खाली ओढला.

वरचं मशीन थांबलं. पंखा मंदावला. पडणारी ती एकटी डबी जागृतीने पिशवीत टाकली.

शेठचा हात पुढे आला. "ताई... दुकानमा चालनारी ती एकच शे."

"मन्ही शे," ती म्हणाली. "मन्ही पोर उघडा पायनी हिंडस."

भिला पहार खांद्यावर टाकून मागोमाग उतरला.

"आबा, लाइट लावा ना! हात वल्ला शेत मन्हा!" माडीवरून पोरीने हाक दिली.

ईश्वरशेठ मेनपाशी गेला. हात सवयीने वर उचलला, आणि वाहरूसकट सगळ्या गिऱ्हाइकांदेखत तो तसाच अधांतरी धरून उभा राहिला.