काचेच्या बोगद्यातली डावी बाजू

संग्रहालयाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने खिसे रिकामे करायला सांगितले, तेव्हा माझ्या खिशातून एक रुमाल, चष्म्याची डबी आणि व्हॅनची चावी निघाली.

लेकीने ट्रेमधली चावी उचलून माझ्यासमोर धरली. "बाबा, ही इथे कशाला आणलीत?"

"खिशात असते, म्हणून आली."

"व्हॅन घरी, तुम्ही इथे परदेशात. काय चालवणार आहात, विमान?"

"दिलं असतं तर तेही चालवलं असतं," मी म्हणालो. आमची ही तोंडावर हात ठेवून हसली. आठ वर्षांची नात मात्र गंभीरपणे माझ्याकडे बघत राहिली. तिला ते खरंच वाटलं असावं आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

एकतीस वर्षं मी बस चालवली. घाट, गर्दीचे बाजार, खड्ड्यांतून शोधावा लागणारा रस्ता, सगळं केलं. गाडीला एक ओरखडा नाही. निवृत्त झाल्यावर घरी बसून भिंती मोजण्याचा माझा स्वभाव नव्हता, म्हणून एक व्हॅन घेतली आणि गल्लीतली चौदा मुलं शाळेत पोचवायला लागलो. सकाळी सातला माझा हॉर्न वाजला की घराघरांतून अर्धवट बांधलेल्या वेण्या बाहेर पडतात. मुलं मला 'ड्रायव्हर आजोबा' म्हणतात. मला ते नाव फार आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षात व्हॅनला दोनदा खरचटलं. एकदा फाटकाच्या खांबाला, एकदा उभ्या टेम्पोला. दोन्ही वेळा खांबाचा आणि टेम्पोचा दोष होता असं माझं स्पष्ट मत आहे. पण आमच्या हिने फोनवर लेकीला सांगितलं आणि लेकीने तेव्हापासून धोशाच लावला. "बाबा, वय झालं. आता व्हॅन बंद करा. चौदा मुलं असतात मागे." ती इथल्या इस्पितळात रक्त तपासते. तिचा माणसांवर विश्वास कमी, रिपोर्टवर जास्त.

त्या दिवशी ती मला या विज्ञान संग्रहालयात घेऊन आली, ती मासे दाखवायला असं मी समजत होतो. मासे खालच्या मजल्यावर होते. ती सरळ वरच्या मजल्यावर घेऊन गेली. मोठं दालन, जिकडेतिकडे बटणं, चाकं, दोऱ्या आणि त्यांना लोंबकळणारी पोरं. एका कोपऱ्यात गाडीची अर्धी केबिन कापून बसवलेली होती. स्टिअरिंग, आरसे, ब्रेक आणि समोर काचेच्या जागी पडदा.

"पडद्यावर रस्ता दिसतो," लेक म्हणाली. "समोर अचानक चेंडू येतो. तुमचा पाय किती लवकर ब्रेकवर जातो ते हे यंत्र सांगतं. हिरवा दिवा लागला तर मी पुन्हा व्हॅनचं नाव काढणार नाही. लाल लागला तर चावी आईच्या हातात. कबूल?"

"कबूल," मी बाह्या सरसावल्या. आमची ही मात्र म्हणाली, "अहो, राहू द्या ना. आधी मासे बघू."

मी कसला ऐकतोय! बसलो, सीट पुढे घेतली, आरसे नीट केले. रस्ता सुरू झाला. चेंडू आला, मी ब्रेक दाबला आणि वर लाल दिवा लागला.

नातीचं तोंड एवढंसं झालं. लेकीने हात पुढे केला, चावीसाठी.

"थांब," मी म्हणालो. "मी आधी आरशात बघितलं."

"का?"

"मागे कोण आहे ते बघितल्याशिवाय मी आयुष्यात ब्रेक मारलेला नाही. आणि मारला तो हळू मारला. बसमध्ये वीस माणसं उभी असतात. कचकन दाबला तर मागच्या बाकावरची आजीबाई कंडक्टरच्या मांडीवर येऊन बसते. तुझ्या यंत्रात प्रवासी कुठे आहेत?"

लेक हसली. आहे ती न्यायाची, माझ्यावर गेली आहे. "बरं, पुन्हा परीक्षा द्या. आता गाडी रिकामी आहे असं समजा."

गाडी रिकामी समजलो. चेंडू पडद्यावर आला न आला, तोच माझा पाय खाली होता. हिरवा दिवा! मग लेकीला बसवलं. तिलाही हिरवा लागला, पण वेळेचा आकडा माझ्यापेक्षा मोठा, म्हणजे पाय माझ्यापेक्षा उशिरा पडला. नातीने टाळ्या पिटल्या. मी चावी बोटाभोवती फिरवली आणि खिशात टाकली. लेक म्हणाली, "मी हरले, बाबा. शब्द म्हणजे शब्द. चालवा व्हॅन." माझी छाती शर्टात मावत नव्हती.

मग खाली मासे बघायला गेलो. तिथे काचेचा एक लांब बोगदा होता. डोक्यावर पाणी, दोन्ही बाजूंना पाणी आणि पायाखाली हळूहळू सरकणारा पट्टा, उभ्या उभ्या पुढे नेणारा. शेकडो मासे एकदम वळत होते, एकाचा धक्का दुसऱ्याला नाही, हॉर्न नाही, शिवीगाळ नाही. अशी वाहतूक मी कुठल्याच चौकात बघितलेली नाही.

नातीने खेळ काढला. पंख्यासारखा पसरट, लांब शेपटीचा मोठा मासा मागून पुढे यायचा. तो ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं. उजवीकडून आला, मी पहिला ओरडलो. पुढचा नातीने ओळखला. त्यापुढचाही तिनेच.

"आजोबा, तो कधीचा तुमच्या कानाजवळ आहे!"

मी मान वळवली. सतरंजीएवढा मासा काचेला चिकटून पोहत होता. डावीकडे. मान वळवेपर्यंत तो माझ्या जगात नव्हताच.

बसच्या नोकरीत दर वर्षी तपासणी व्हायची. डॉक्टर म्हणायचे, समोर बघा, आणि कानाजवळ बोटं हलवून हळूहळू पुढे आणायचे. दिसली की सांगायचं. मी बोगद्यात समोर नजर लावली आणि उजवा हात कानाजवळ नेऊन बोटं हलवली. लगेच दिसली. मग डावा हात. कानाजवळ काही नाही. गालाजवळ काही नाही. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा बोटं दिसली.

खांब डावीकडे होता. टेम्पोही डावीकडे होता. यंत्रातला चेंडू मात्र बरोबर समोरून आला होता.

लेक आणि नात पुढे गेल्या होत्या. मान वळवली, तर आमची ही माझ्या डाव्या हाताला उभी होती आणि मला बोटं हलवताना बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वर्षभर ही डावीकडेच चालते. वर्षभर ही सकाळी व्हॅनमध्ये माझ्या डावीकडच्या सीटवर येऊन बसते. "घरात करमत नाही" म्हणायची. आणि सगळ्या वाटेने तोंडाचा पट्टा सुरू. अहो, सायकल. अहो, कुत्रं बघा. अहो, ती पोरगी रस्ता ओलांडतेय. किती बडबडतेस म्हणून मी तिच्यावर खेकसलोही होतो.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"अंदाज होता."

"मग बोलली का नाहीस?"

"ऐकलं असतंत?"

मी विचार केला. "नसतं ऐकलं."

"लेकीला सांगून बघितलं. तिने हे यंत्र काढलं, आणि तुम्ही तिथे पास. रोज सकाळी जीव मुठीत धरून बसते हो मी. चौदाची चौदा पोरं शाळेच्या फाटकात शिरली की मग श्वास घेते. दमले मी."

एकतीस वर्षं मी एवढी माणसं सुखरूप उतरवली, आणि माझ्याच शेजारी बसलेली ही एक रोज घाबरत होती. मला स्वतःची लाज वाटली. पण लाजेपेक्षा जास्त, सुटल्यासारखं वाटलं. गाडी कुठे थांबवायची हे मला कुणी शिकवायची वेळ कधी आलेली नाही. मी खिशातून चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

पट्टा संपला तिथे लेक आमची वाट बघत होती. तिने आईच्या हातातली चावी बघितली. "हे काय? बाबा, तुम्ही तर जिंकलात!"

"हो, जिंकलो. तुझ्यापेक्षा माझा पाय लवकर पडतो, हे विसरायचं नाही. उद्या मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. आणि गल्लीतल्या मुलांच्या घरी फोन लाव. शाळेची सुट्टी संपायच्या आत त्यांच्यासाठी चांगला ड्रायव्हर बघायचाय. परीक्षा मी घेणार."

नातीला अजून कासवं बघायची होती. ती आईला ओढत पुढे पळाली. आम्ही दोघं मागून चाललो. सवयीने ही माझ्या डाव्या बाजूला आली. मी तिकडे न बघता हात पुढे केला आणि तिने तो धरला.