आवळून धरलेलं दार

मित्रांनो, मी सुरतेच्या एका सरकारी कचेरीचा जुना सूचनाफलक आहे. जुना आहे, पण गरीब बिचारा मुळीच नाही. मी सूड घेतलाय आणि मला त्याची लाज वाटत नाही.

बासष्ट साली सुताराने मला घडवलं, हिरवं कापड लावलं, वर काचेचं दार बसवलं. रिकाम्या जागेची जाहिरात माझ्यावर लावल्याशिवाय भरती करायची नाही, असा कचेरीचा नियम होता. केवढा मान माझा! पण किल्ली हेडक्लार्क भाईदासकडे. हा गृहस्थ कचेरी सुटताना जाहिरात लावायचा आणि सकाळी लोक यायच्या आत काढायचा. झाली जाहिरात! मग त्या जागेवर कधी त्याचा मेहुणा, कधी साडूचा भाचा. लोक मात्र मला खोटारडा म्हणायचे. चोर तो आणि बदनाम मी! मला तळपाय नाहीत, तरी आग मस्तकात जायची.

नवागामच्या सुकदेवची पोर भागीरथी टायपिंग शिकली होती. छातीच्या दुखण्याने बापाचं लूमवरचं काम सुटलेलं. सगळं घर तिच्या नोकरीकडे डोळे लावून बसलं होतं. ती रोज येऊन माझ्यात डोकावायची. भाईदास म्हणायचा, जग्या नथी, बेन, जागाच नाही.

एकाहत्तरच्या आषाढात टायपिस्टची जागा निघाली. साडूच्या मुलीसाठी भाईदासने नेहमीसारखी संध्याकाळी जाहिरात लावली. म्हटलं, थांब लेका, बघतोच तुझ्याकडे. दमट हवा पोटभर पिऊन मी फुगलो. सकाळी किल्ली फिरली, पण दार हलेना. शिपाई धुडकूनेही ओढून पाहिलं. तोवर माणसं जमली. भागीरथी काचेवर बोट ठेवून वाचू लागली. भाईदासने काच फोडायला रूळ उचलला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली,

"थांबा, भाईदासभाई. माझं वाचून व्हायचंय."

त्याने रूळ हाणलाच. काच फुटली आणि एक धारदार तुकडा मी त्याच्या पंजात चांगला खोल रुतवला. आवाज ऐकून मोठे साहेब बाहेर आले. मुदत संपायच्या आत जाहिरात का काढता, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. भाईदासने रूळ पाठीमागे लपवला. जाहिरात मुदतभर राहिली, पुष्कळ अर्ज आले, परीक्षा झाली आणि जागा भागीरथीला मिळाली.

मित्रांनो, आम्हा फलकांना पुसत जा, वाळवीपासून जपा. पण आमच्या आडून कुणाची भाकरी पळवू नका. आम्ही डूख धरतो. भागीरथीने टाईप केलेल्या जाहिराती भाईदासला आता भर दुपारी, सगळ्यांसमोर लावाव्या लागतात. त्या दुखऱ्या हाताने त्याला टाचणी नीट दाबता येत नाही. मग मी लाकूड आणखी कडक करतो.