अकरा सेकंद पुढे

मी एक टेपरेकॉर्डर. मुठीत मावेन एवढा, अंगावर पाच बटणं, त्यातलं एक लाल. घरातली आई मला 'चुगलखोर' म्हणायची. आता ती काहीच म्हणत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, गाणी ऐकवीन, लोकांना नाचवीन. नशिबी आली मासिकातली लेखिका. नामवंतांना भेटायचं आणि त्यांच्यावर लेख लिहायचे, हे तिचं काम. गायिका, खेळाडू, नट, सगळ्यांच्या दिवाणखान्यात मी मिरवलोय. मोठी माणसं मला बघून आधी घसा खाकरतात आणि मग 'मी अगदी साधा माणूस आहे' म्हणून सांगतात. त्यांचं ते साधेपणाचं पुराण ऐकून माझे कान किटले.

लेखिकेचा पहिला लेख छापून आला, तेव्हा तिची आई फटकन बोलून गेली होती, "लोकांच्या घरात डोकावणं, हे काय काम झालं?" तेव्हापासून मुलीने तिला एकही लेख दाखवला नाही. अंक मुकाट्याने कपाटात जायचे.

तरी एक रिवाज होता. बाहेर पडण्याआधी ती लाल बटण दाबून मला आईसमोर धरायची.

"आई, काहीतरी बोल गं."

"काय बोलू? छत्री घेतलीस का?"

झाली माझी परीक्षा. टेप मागे घेऊन त्याच जागी त्या दिवशीचा नामवंत बोलायचा. अशा किती छत्र्या मी पुसल्या असतील! लाल बटण दाबलं की जुनं पुसायचंच, मला नाही म्हणता येत नाही.

एकदा नेमकं बटण दाबलं आणि आतल्या खोलीत फोन वाजला. संपादक होते, म्हणजे आता वीस मिनिटांची निश्चिंती. मी टेबलावर चालूच राहिलो. शेजारी मुलीने त्या दिवशी भेटायच्या नटासाठी लिहिलेला प्रश्नांचा कागद होता. आईने चष्मा लावला आणि कागद उचलला.

"पहिली संधी कुणी दिली? कुणी नाही बाई. कशाची भीती वाटते? जिन्याची." असं करत ती एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेली. आधी थट्टेत, मग मनापासून. लहानपण, मोडलेली नोकरी, नवऱ्यामागे काढलेली वर्षं, सगळं सांगितलं. कुणीतरी आपल्याला विचारतंय याचंच तिला अप्रूप वाटत होतं.

शेवटचा प्रश्न होता, 'कुणाला काही सांगायचं राहिलंय?' आई थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "मुलीला. ती कामावर गेली की मी कपाटातले अंक काढते. तिची ओळ न् ओळ वाचलीय मी. फार छान लिहिते गं. पण पहिल्या दिवशी जे तोंडातून गेलं, ते आता कुठल्या तोंडाने परत घेऊ?"

मुलगी धावत आली. "अगं, हे चालूच राहिलं!"

"ऐकशील तेव्हा कळेल," आई म्हणाली. पण तोवर पोरगी चपला शोधत होती. सवयीने तिने टेप मागे घेतली.

नट तासाभराचा वायदा करून सोळा मिनिटं बोलला. त्याच्या प्रत्येक वाक्याखाली आईचं एकेक वर्ष पुसलं जात होतं आणि पुसणारा मीच होतो. मला रडायलाही येईना. शेवटचा प्रश्न विचारायच्या आत तो "भेटू पुन्हा" म्हणत उठला. लेखिकेने मला बंद केलं.

तो लेख खूप गाजला. आठवण म्हणून तिने ती कॅसेट माझ्या पोटात कायमची ठेवली. पुन्हा कुणी पुसू नये म्हणून कॅसेटची मागची टिकलीसुद्धा तोडली.

पुढे मासिक बंद पडलं. आईला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. डाव्या हातात काय ती हालचाल राहिली. लेखिका आता घरीच असते. काल आईला भरवता भरवता ती म्हणाली, "आई, माझी एक तरी ओळ वाचलीस का गं कधी?"

आईचा हात माझ्या फळीकडे उठला. मुलीने पाणी आणलं. हात खाली येईना. तिने औषध आणलं. शेवटी मला आणलं. "हा हवाय?" म्हणत नवे सेल घातले, टेप मागे घेतली आणि मला आईच्या मांडीवर ठेवलं.

नट बोलू लागला. आई हात झटकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलीने तोंड फिरवलं. "अजून राग आहे ना माझ्या कामाचा?"

"भेटू पुन्हा," नट म्हणाला आणि तिने खटकन बटण दाबून मला बंद केलं.

अगं पोरी, अकरा सेकंद! फक्त अकरा सेकंदांची शांतता, आणि पुढे तुझी आई बोलतेय.

ती हात धुवायला आत गेली. आईचं बोट सरपटत माझ्या बटणापर्यंत आलं, तिने दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तेवढं बळ तिच्यात नाही. आणि मला आपणहून सुरू होता येत नाही.